यादी अर्धी करा, मग बोलू

गेल्या अंकात दक्षिण इटलीतल्या आमच्या गाडीप्रवासाबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी सवयीनं लिहून बसले, "काही विचारायचं असेल तर विचारा." एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हे वाक्य आपोआप उमटतं. वर्गात यानंतर एकही हात वर यायचा नाही. तुम्ही मात्र पत्रांचा ढीग पाठवलात. बरेचसे प्रश्न सारखेच होते, म्हणून निवडून घेतले आहेत. आम्ही दोघं तिकडे दोनदा गेलो, २०१८ च्या मे महिन्यात आणि २०२३ च्या ऑक्टोबरात. गाडी हे चालवतात, नकाशा मी धरते. सांगते आहे ते एवढ्या भांडवलावर.

प्रश्न : आम्ही चौघं आहोत : मी, मिस्टर, माझी बहीण आणि तिचे यजमान. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. मे महिन्यात बारा रात्री हाताशी आहेत आणि निवांत फिरायचं आहे. यादी अशी : नेपल्स, पाँपे, सोरेंतो, अमाल्फी, मातेरा, अल्बेरोबेल्लो, बारी, ओस्तुनी, लेच्चे, ओत्रांतो आणि जमलंच तर सिसिली. गाडीनं होईल ना?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दीड दिवसात अष्टविनायक करणारी मंडळी दिसतायत." राग मानू नका. अकरा ठिकाणं आणि 'निवांत' हे दोन्ही एका पत्रात बसतं, बारा रात्रींत बसत नाही.

आधी सिसिली खोडा. ते बेट आहे आणि त्याला स्वतःच्या बारा रात्री लागतात. मग नेपल्सपासून अमाल्फीपर्यंतची पहिली चार नावं खोडा. तो पश्चिम किनारा, बाकीची नावं पूर्वेकडची, मध्ये अख्खी अपेनाइन्स डोंगरांची रांग. शिवाय अमाल्फीचा रस्ता डोंगराच्या कड्यात कोरलेला. समोरून मोठी बस आली की गाडी मागे घ्यायची, आणि गावात पोचलात तरी गाडी लावायला जागा मिळेलच असं नाही. तिकडे कधी गेलात तर सालेर्नोहून बोटीनं जा. उरलं ते बुटाच्या टाचेचं, म्हणजे पुलियाचं, आणि टाचेला चिकटलेलं मातेरा. त्याला बारा रात्री अगदी माफक आहेत.

मी असं वाटलं असतं : बारीत पहिली रात्र, मातेऱ्यात दोन, अल्बेरोबेल्लोच्या आसपासच्या इत्रिया खोऱ्यातल्या एखाद्या शेतघरात पाच, लेच्चेत तीन, आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा बारीत एक. पाच मुक्काम झाले, पण खरं बूड टेकायचं ते खोऱ्यात आणि लेच्चेत. मुक्काम बदलला की अर्धा दिवस जातो हे कुणी हिशोबात धरत नाही. सकाळी दहाला खोली रिकामी करायची, चौघांच्या बॅगा डिकीत बसवायच्या, नव्या घराची किल्ली तीन वाजता मिळणार, तोवर सामानानं भरलेली गाडी सोडून कुठे जायची सोय नाही. असे बारा रात्रींत आठ वेळा केलंत तर तुम्ही इटली पाहिली नाही, डिकी पाहिली.

पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. रात्रभराचा विमानप्रवास, मध्ये आखातात बदल, आणि उतरल्या उतरल्या रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालवायचं, हे साठीत नको. बारीच्या जुन्या भागात रात्र काढा. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला असाल तर ७ ते ९ तारखेला तिथे संत निकोलसचा उत्सव असतो. त्याच्या अस्थी १०८७ मध्ये समुद्रापलीकडून आणल्या, त्याची मिरवणूक काढतात. गर्दी मात्र आपल्या विसर्जनाच्या आदल्या दिवसासारखी, तेव्हा खोली आधीच ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर जाऊन गाडी घ्या आणि शहरात न शिरता थेट मातेऱ्याची वाट धरा. पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत अल्तामुरा लागतं, तिथे एक पाव घ्या. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मातेऱ्यात दोन रात्री का, तर दिवसा ते पर्यटकांचं असतं आणि रात्री आठनंतर दगडांचं. तिथला दगड मऊ, चुनखडीचा. माणसांनी कड्यात घरं कोरली आणि कोरताना निघालेल्या दगडांनी त्याच घराची पुढची भिंत बांधली. पाण्याची सोय पावसावर. छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी खाली कोरलेल्या टाक्यांत जायचं. मुख्य चौकाखालचं टाकं आता जिना उतरून बघता येतं. आपल्या पेठांतल्या हौदांना पाणी कात्रजहून नळानं यायचं. इथे डोक्यावर पडलं तेवढंच. गुरं आणि माणसं एकाच गुहेत राहायची, मुलं मलेरियानं जायची. शेवटी १९५२ साली कायदा करून सरकारनं पंधरा हजारांच्या आसपास लोकांना तिथून हलवलं आणि तो गुहांचा भाग रिकामा पडला. १९९३ मध्ये तोच भाग जागतिक वारशाच्या यादीत आला. आज त्या गुहांमध्ये झोपायचे पैसे मोजतात. आम्हीही मोजले.

मातेऱ्याहून खोऱ्यात आलात की दगड पुन्हा चुनखडीचाच, पण जमिनीचं रूप वेगळं. ह्याला खोरं म्हणतात, पण नदी शोधू नका, नाहीच आहे. चुनखडीतून पाणी खाली निघून जातं. संपूर्ण पुलियाची तहान भागवायला डोंगरापलीकडच्या सेले नदीचं पाणी आणावं लागलं. ते बारीला पोचलं १९१५ मध्ये. वर उरले दगड. शेत करायचं तर आधी दगड वेचायचे, वेचलेले दगड ठेवायला जागा नाही म्हणून त्यांच्याच भिंती, चुना-माती न लावता नुसत्या एकावर एक रचलेल्या. आणि तशीच घरं. अल्बेरोबेल्लोची ती टोपीवाली घरं, ट्रुल्ली, म्हणजे त्याच रचण्याची पुढची पायरी. तिथे सांगतात की कोन्व्हेर्सानोच्या जहागीरदारानं रयतेला चुना वापरू दिला नाही, कारण नेपल्सच्या राजाचा करवसुली अधिकारी आला की घरं झटपट पाडता यावीत. गाव नाही तर कर नाही. १७९७ मध्ये राजानं गावाला जहागिरीतून मोकळं केलं. मी हे वर्गात सांगितलं असतं तर शेवटच्या बाकावरचीही जागी झाली असती.

पण मुक्काम अल्बेरोबेल्लोत करू नका. तिथे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मधल्या वेळात मोन्ती भागातल्या प्रत्येक टोपीखाली दुकान असतं. समोरच्या टेकाडावर आया पिक्कोला म्हणून लहानसा भाग आहे, तिथे अजून माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. मुक्कामाला लोकोरोतोंदो किंवा चिस्तेर्नीनोच्या आसपासचं शेतघर बरं. इथे एका गावापासून शेजारचं गाव दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे संध्याकाळी उठून एकेका गावात चक्कर मारता येते. चिस्तेर्नीनोच्या बाहेर तर हैडाखानच्या बाबाजींच्या भक्तांनी उभारलेला भोलेबाबा आश्रम आहे. ऑलिव्हच्या झाडांमध्ये "ॐ नमः शिवाय" ऐकून हे गाडी थांबवून उतरलेच.

लेच्चेबद्दल थोडक्यात : तिथला पिवळसर दगड इतका मऊ की सुताराच्या हत्यारानं कोरावा. आपला काळा दगड छिन्नीला लवकर दाद देत नाही. वेरूळ झालं, पण पिढ्या खपल्या. लेच्चेत सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर बोट टेकवायला मोकळी जागा नाही. तिथून ओत्रांतो पंचेचाळीस किलोमीटर. एक दिवस तिथे द्या. कॅथेड्रलची संपूर्ण जमीन म्हणजे ११६३ ते ११६५ या काळात पान्तालेओने नावाच्या साधूनं घडवलेलं मोझेइक आहे, मोठं थोरलं झाड, आणि त्या झाडाचं खोड कशावर उभं आहे? दोन हत्तींवर. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी इटलीच्या टोकाला बसून केलेले हत्ती. सोंडेकडे नीट बघा.

दुपारबद्दल शेवटचं. एक ते चार (काही ठिकाणी पाच) दुकानं बंद, चर्चं बंद, रस्ते ओस. ह्याला तिकडे 'कोंत्रोरा' म्हणतात. पुणेकरांना हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर यावी! तरीही आम्ही पहिल्या वेळी साडेबाराला गावात पोचायचो आणि बंद दारांचे फोटो काढायचो. दुसऱ्या वेळी सकाळी एक गाव, दुपारी जेवून ताणून देणे, संध्याकाळी सहाला दुसरं गाव. बस. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून पिशवीत बाकरवडी ठेवा. ती चालते. पेढे, तूप, दुधाचं काहीही नेऊ नका. बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत.

प्रश्न : पुण्यात पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, लक्ष्मी रोडवर गणपतीतसुद्धा. तिकडे जड जाईल का? कागदपत्रं कोणती?
— एक वाचक, औंध

उत्तर : पुण्यात चालवणारा कुठेही चालवतो, हे आपणच आपल्याबद्दल म्हणत असतो. गर्दीचं भय तुम्हाला वाटणार नाही. घोळ होतो तो हातांचा. पहिल्या दिवशी हे गिअर टाकायला डावा हात न्यायचे आणि तो दारावर आपटायचा. वळताना उजव्या हातानं दांडी दाबायचे आणि स्वच्छ उन्हात वायपर सुरू व्हायचा, कारण तिकडे इंडिकेटर डावीकडे. हे दोन दिवसांत सुटतं. न सुटणारी गोष्ट म्हणजे उजवी बाजू. आपण डावीकडे बसलेलो, त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकते, आणि खोऱ्यातल्या रस्त्यांना उजवीकडे फूटपाथ नाही, त्या रचलेल्या दगडी भिंती आहेत. २०१८ साली ही भिंत रचायची कला युनेस्कोच्या यादीत गेली. त्याच वर्षी आमचा उजवा आरसाही तिला लागला. म्हणून विमा घेताना पूर्ण माफीचा, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरावं लागणार नाही असा घ्या, आणि त्यात टायर आणि काचा आहेत का हे विचारा. बहुतेक वेळा नसतात. एकच नियम घोका : चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असतो. पुण्यातही तसंच आहे, फक्त आपण कधी लक्ष दिलेलं नसतं.

कागद : आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो, वर्षभर चालतो, फी हजार रुपये. त्याच्याबरोबर मूळ लायसन्सही हवं. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. डेबिट कार्डावर बहुतेक कंपन्या अनामत घेत नाहीत. चौघांसाठी अगदी लहान गाडी घेऊ नका, पण मोठीही नको. जुन्या गावांच्या गल्ल्या तुळशीबागेइतक्याच आहेत. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा, महाग पडते.

टोल फारसा नाही. बारीहून ब्रिंदिसी, लेच्चेपर्यंतचा चौपदरी रस्ता फुकट. पेट्रोलला 'बेन्झीना' आणि डिझेलला 'गाझोलिओ', हे दोन शब्द पाठ करा, कारण 'गाझोलिओ' ऐकून गॅसोलीन, म्हणजे पेट्रोल, आठवतं आणि उलटं भरलं जातं. दिवसा गावाबाहेर दिवे चालू ठेवा, तसा नियम आहे. पार्किंगच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या फुकट, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

आता झेटीएल. इंग्रजीत झेड-टी-एल लिहितात. गावाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी. पाटी म्हणजे पांढरा गोल, त्याला लाल कड, वर कॅमेरा. शिपाई नाही, फाटक नाही, शिट्टी नाही. आम्ही गेलो तेव्हा खाली दिव्यांच्या अक्षरांत 'वार्को आत्तीवो' असं झळकत होतं. हे म्हणाले, "ॲक्टिव्ह आहे म्हणतोय, म्हणजे प्रवेश चालू आहे, चल." चालू होता तो कॅमेरा. 'नॉन आत्तीवो' लिहिलेलं असतं तेव्हा जायचं. आत गेलो, वाट चुकलो, गोल फिरलो आणि पुन्हा त्याच कॅमेऱ्याखालून आत आलो. गावाचं नाव सांगत नाही, चूक आमचीच. पुढच्या मार्चमध्ये नळ स्टॉपजवळच्या आमच्या घरी इटलीहून दोन पाकिटं आली. दोन दंड, दोघांच्या वेळेत सात मिनिटांचं अंतर. परदेशात राहणाऱ्याला दंड कळवायला त्यांना ३६० दिवस मिळतात, म्हणजे आपण विसरलेलो असतो. गाडी देणाऱ्या कंपनीनं आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल कार्डावरून वेगळे पैसे आधीच कापून घेतले होते, ते आम्ही बँकेची चूक समजून महिनाभर भांडलो. पाच दिवसांच्या आत भरलं तर दंडात तीस टक्के सूट मिळते. यांनी चौथ्या दिवशी भरले.

फोनवरचा नकाशा या बंदीचा भरवसा देत नाही. सरळ उपाय : गावाच्या वेशीबाहेर गाडी लावायची आणि चालत जायचं. राहायचं ठिकाण आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर मालकाला आदल्या दिवशी कळवा, तो नोंदवून ठेवतो.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, बरोबर येणार म्हणतात. कांदा-लसूण चालतं. मांस-मासे, अंडं अजिबात नाही. पिझ्झ्यावर किती दिवस काढायचे?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पिझ्झा नेपल्सचा. पुलियात त्यांना घरचं जेवण मिळेल असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. ही गरीब शेतकऱ्यांची भूमी होती, रोजचं खाणं म्हणजे द्विदल, रानभाजी, पाव, तेल. 'फावे ए चिकोरिए' मागवा. वाळवलेल्या, सोललेल्या बाकल्याच्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, शेजारी उकडलेली कडसर पालेभाजी आणि वरून कच्चं ऑलिव्ह तेल. माझ्या आईच्या ताटातलं वाटलं मला, फक्त मिरची नाही. मिरचीचं लोणचं मी नेलं होतंच.

अल्तामुऱ्याचा पाव गव्हाच्या रव्यासारख्या पिवळ्या पिठाचा असतो, वरचं कवच जाड, किलोचा एकेक. चार-पाच दिवस सहज टिकतो. शिळा झाला की पाण्यात भिजवून त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, तेल घालतात, त्याला 'चाल्लेद्दा' म्हणतात. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. बारीचा फोकाच्चा, टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेला, सकाळी गरम असताना बेकरीतून घ्या. त्याच्या कणकेत उकडलेला बटाटा असतो.

आता सावधपणा. 'ओरेक्क्येत्ते' पास्ता आणि एक प्रकारच्या हिरव्या पाल्याची भाजी हा तिथला नावाजलेला पदार्थ पानात हिरवा दिसतो, पण त्यात अँचोव्ही मासा बहुधा विरघळवलेला असतो. 'सेन्सा आच्चूगे' म्हणा. ('सेन्सा' म्हणजे शिवाय. हा शब्द सासूबाईंनाच शिकवून ठेवा, त्या जास्त ठामपणे म्हणतील.) 'शाकाहारी' एवढंच सांगितलं तर मासा चालतो असं समजणारेही भेटतात, म्हणून मांस, मासे, अंडं अशी तिन्ही नावं घ्या. लेच्चेचं 'पास्तिच्चोत्तो' पारंपरिक पद्धतीनं डुकराच्या चरबीत करतात आणि आत अंड्याचं कस्टर्ड. ते त्यांच्यासाठी नाही. खरी 'तारल्ली' ऑलिव्ह तेलाची असतात, तरी पाकिटावर 'स्त्रुत्तो' हा शब्द शोधा, म्हणजे चरबी. जुन्या पद्धतीच्या चीझमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे त्या कितपत पाळतात तुम्हीच जाणा. रेस्तराँच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लागतात. पावाचे आणि टेबलाचे पैसे. फसवत नाहीत.

आणि सासूबाईंना बारीच्या जुन्या भागात, 'आर्को बास्सो' नावाच्या गल्लीत सकाळी घेऊन जा. बायका दाराबाहेर पाट टाकून बसलेल्या असतात. रव्याच्या कणकेची बारीक वळी, सुरीनं कापलेला वाटाण्याएवढा तुकडा, तो सुरीच्या पात्यानं पाटावर ओढायचा की कुरळा होतो, आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाली कानाची पाळी, ओरेक्क्येत्ते. एका आजींचा हात इतका भरभर चालत होता की मोजायला गेले आणि हरले. मी समोर उभी राहून माझ्या अंगठ्याच्या नखानं हवेत नखुला वळून दाखवला. आमच्याकडे लग्नात गव्हले-नखुले करायला पाच सवाष्णी बसायच्या. त्यांनी माझ्या हातात एक वळी ठेवली. माझे चार पहिले फुकट गेले. त्या हसल्या, शेजारणीला काहीतरी म्हणाल्या, शेजारीणही हसली. काय म्हणाल्या ते न कळताही मला नीट कळलं. वाळत घातलेल्या जाळीवर माझा पाचवा ठेवला त्यांनी, बाकीच्यांपासून थोडा लांब.

प्रश्न : गुडघ्याचा त्रास आहे. मातेरा जमेल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : वरच्या सपाट भागातलं हॉटेल घ्या, जुन्या गुहांच्या भागातलं नको. वरच्या कठड्यांवरून सगळं गाव दिसतं. खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या, गुळगुळीत झालेल्या, पावसात घसरणाऱ्या. सिंहगड पायी चढत असाल तर निर्धास्त, नाहीतर काठी. सामान आतपर्यंत गाडीनं येत नाही, म्हणून दोन रात्रींची वेगळी लहान पिशवी भरा आणि मोठी बॅग डिकीत राहू द्या.

प्रश्न : दिवाळीत जावं की मे महिन्यात? व्हिसाचं काय?
— एक वाचक, धायरी

उत्तर : मे किंवा सप्टेंबरचा शेवट. ऑगस्ट नको. १५ ऑगस्टला अख्खी इटली समुद्रावर येऊन बसते, आणि ऊनही भाजून काढतं. नोव्हेंबरात किनाऱ्याच्या गावांत निम्मी दारं बंद. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मेला जायचं तर फेब्रुवारीच्या आत उरका, नंतर अपॉइंटमेंटसाठी वाट पाहावी लागते.

प्रश्न : मी अंजिराचा बागायतदार. तिकडच्या ऑलिव्हच्या बागा रोगानं वाळल्या असं ऐकलं. खरं आहे का? बघायला मिळेल का?
— एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : सगळ्या पत्रांत मला हे आवडलं. खरं आहे. २०१३ मध्ये गाल्लीपोली गावाच्या आसपास झायलेला नावाचा जिवाणू सापडला. लेच्चेच्या दक्षिणेला गाडी काढलीत की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे सांगाडे उभे दिसतात, मैलोन् मैल. हा जिवाणू खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवतो. जमिनीत पाणी असून झाड तहानेनं मरतं. फेसाच्या बुडबुड्यात पिल्लं वाढवणारा एक लहानसा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. औषध नाही. डाळिंबाचा तेल्या तुमच्या भागात पाहिलेला असेल, तोही जिवाणूच, पण तिथे निदान फांदी छाटून बाग सावरायची आशा असते.

आम्ही २०२३ मध्ये ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या शेतकऱ्यानं ह्यांना एका झाडापाशी नेलं. खोड दोघांच्या कवेत न मावणारं. वर सगळं वाळलेलं आणि बुंध्यापाशी हिरवे फुटवे. ह्यांना आनंद झाला. शेतकऱ्यानं मान हलवली आणि बोटानं दाखवलं : मागच्या वर्षीचे फुटवे, त्याच जागी, वाळून काळे पडलेले. दरवर्षी झाड प्रयत्न करतं, एवढाच अर्थ आम्हाला त्याच्या मोडक्या इंग्रजीतून लागला. बाजूला त्यानं लेच्चीनो आणि फावोलोझा या टिकणाऱ्या जातींची रोपं लावली होती, गुडघ्याएवढी. मोनोपोली ते ओस्तुनीच्या मधल्या पट्ट्यात शेकडो वर्षांची, पिळवटलेल्या खोडांची झाडं अजून उभी आहेत, पण रोग तिकडेही सरकतो आहे. ती आधी बघा. आणि झाडाची काडी, रोप, माती काहीही बरोबर आणू नका. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या कामाचं अजून एक. अंजीर तिकडेही घरोघर आहे. पहिला बहर जूनमध्ये, मोठा बहर ऑगस्ट-सप्टेंबरला. ब्रिंदिसीजवळ सान मिकेले सालेन्तीनो नावाचं गाव आहे, तिथे अंजीर उभा चिरून उन्हात वाळवतात, आत भाजलेला बदाम, बडीशेप आणि लिंबाची साल घालून दोन अंजीर एकमेकांवर मिटतात आणि भट्टीत भाजतात. मी एक डबा आणला होता, पुण्यात पोचेपर्यंत तीन उरले होते. बडीशेप आणि अंजीर आपल्याकडे एकत्र कसे आले नाहीत कोण जाणे. पुढच्या बहरात एक टोपली वाळवून बघा आणि जमलं तर कळवा, पत्ता संपादकांकडे आहे.